बॅट कधी थकते?

डिसेंबर १९४८. पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा कुटल्या. त्या काळची बॅट पातळ कडांची, घट्ट दाबलेली, जवसाचं तेल प्यायलेली. चेंडू आजच्याइतका लांब जायचा नाही, पण बॅट टिकायची. पुढे षटकारांची भूक वाढली. तितक्याच वजनात जाड, कोरडं, कमी दाबलेलं लाकूड आलं. अशी बॅट चेंडू उडवते आणि स्वतःही लवकर फुटते. शेवटी २०१७मध्ये नियमानेच कड ४० मिलिमीटरवर रोखली.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर खेळणाऱ्या पोरासाठी नवी इंग्लिश विलो म्हणजे घरच्यांचा मोठा खर्च. म्हणून कडेच्या बारीक भेगांना घाबरू नका. टेप लावा, खेळा. भेग आरपार गेली, टोक फुगलं किंवा आवाज बसका झाला, तरच नवी मागा.