टॅब्लॉइड आणि मालक

दौंड स्टेशनवर गाडीची वाट पाहताना संध्याकाळचा पेपर घेतला. मोठ्या पेपरच्या निम्म्या आकाराचा, गर्दीत शेजाऱ्याला कोपर न लावता वाचता येणारा. बाकावरचे गृहस्थ म्हणाले, “मालक, मधलं पान द्या की.” शिरूर-दौंडकडे अनोळखी माणसालाही ‘मालक’ म्हणण्याची रीत आहे. पान दिले आणि डोक्यात दोन शब्द घोळू लागले: ‘टॅब्लॉइड’ आणि ‘मालक’.

टॅब्लॉइड हा मुळात औषधाच्या दुकानातला शब्द. लंडनच्या बरोज वेलकम कंपनीचे हेन्री वेलकम यांनी ‘टॅब्लेट’ला ‘सारखे’ या अर्थाचा ग्रीक प्रत्यय जोडून तो घडवला आणि १८८४ मध्ये कंपनीच्या नावे नोंदवला. म्हणजे या शब्दालाच मालक होता! लोकांनी मात्र दाबून आटोपशीर केलेल्या कशालाही टॅब्लॉइड म्हणायला सुरुवात केली. हा आटोपशीरपणा वृत्तपत्रातही आला: १ जानेवारी १९०१ रोजी ब्रिटिश वृत्तपत्र-मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’चा अंक लहान पानांवर, थोडक्यात बातम्या देऊन काढला. १९०३ मध्ये शब्दाचा वाद लंडनच्या कोर्टात गेला. औषधांपुरता कंपनीचा हक्क टिकला; पण बोलण्यात शब्दाला वेगळा अर्थ आला आहे, हे न्यायाधीशांनीही मान्य केले.

मराठीत तो आला तो उथळपणाचा शिक्का घेऊनच. हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. पान लहान असले म्हणून बातमी हलकी होत नाही.

‘मालक’ अरबी ‘मालिक’वरून फारसीच्या वाटेने आला. ‘मुलूख’ आणि मलिक अंबरच्या नावातला ‘मलिक’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. सत्ता या शब्दाच्या मुळातच आहे.

मुंबईचा ‘मिड-डे’ हा टॅब्लॉइड १९७९ चा. अन्सारी कुटुंबाचा हा पेपर २०१० मध्ये जागरण प्रकाशनाकडे गेला. मालक बदलला, मास्टहेडवरचे नाव तेच राहिले. म्हणून तर मालकाचे नाव छापलेले असणे मोलाचे. मुद्रक-प्रकाशकाची नावे १८६७ च्या कायद्याने सक्तीची केली. फेब्रुवारी संपल्यावर पहिल्या अंकात मालकीचे निवेदन, म्हणजे ‘नमुना ४’, छापायचे, हे १९५६ च्या नियमांनी ठरवले.

पेपर रद्दीत टाकण्याआधी शेवटच्या पानाच्या तळाची, मुंगीएवढ्या अक्षरांतली ‘मालक, मुद्रक, प्रकाशक’ ही ओळ एकदा जरूर वाचा.