तळं कोणाचं?

गणपतीपुळ्याला येणारा पाहुणा समुद्र बघतो, देवदर्शन घेतो आणि जाताना हमखास विचारतो, "तुमच्याकडे एवढा पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात टँकर कशाला?" प्रश्न साधा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण आमचा कातळ जांभ्याचा. काही पाणी त्यातून झिरपून जातं, उरलेलं उताराने तासाभरात समुद्राला मिळतं. एप्रिल उजाडला की विहिरींचा तळ दिसू लागतो.

मग गावोगावी श्रमदान होतं. पाऊस ओसरला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात. कुठे जुनं तळं असेल तर त्यातला गाळ उपसतात. शाळेची पोरं, बचत गटातल्या बाया, मंडळाचे तरुण, सगळे राबतात. फोटो निघतात. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो आणि चार-पाच वर्षांत तळं पुन्हा भरून येतं. काम खोटं नसतं आणि माणसंही खोटी नसतात. तरी ते टिकत का नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला आहे. त्याचं उत्तर मला कोकणाच्या इतिहासात नाही, तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पूर्व विदर्भाच्या इतिहासात सापडलं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तलावांचा मुलुख. तिथे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. यातला मामा कुणाच्या आईचा भाऊ नाही. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. सरकारी कागदावरचा शब्द लोकांनी असा घरचा करून घेतला.

हे तलाव सरकारने बांधलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधायला सुरुवात केली. हे लोक बनारसकडून आले असं परंपरा सांगते. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला तलावाखालची जमीन सवलतीने मिळायची. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या बांधाने बुजवायच्या आणि सगळं खोरं पाण्याने भरायचं. हाताशी अभियांत्रिकीचं पुस्तक नव्हतं, पण उतार ओळखणारी नजर होती. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा आणखी खालच्या बोडीत, अशी साखळी. एका थेंबाने तीन-चार ठिकाणी धान पिकवायचं आणि मगच नदीला जायचं.

इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात जमाबंदी केली आणि मालगुजारांना गावाचे मालक ठरवलं. तलावही त्यांचे झाले. देखभालीची जबाबदारी मालगुजाराची, पण हात गावाचे. उन्हाळ्यात तलाव आटला की शेतकरी बैलगाड्या घेऊन तळाचा गाळ काढत आणि आपल्या बांधीत टाकत. तलाव खोल होई आणि शेताला खत मिळे. मासे धरणारे ढीवर, शिंगाडे लावणारे, धान पिकवणारे, प्रत्येकाचा तलावाशी वेगळा संबंध होता.

हे चित्र फार गोड रंगवू नये. मालगुजारीत वेठबिगारी होती. बांधावर माती वाहणाऱ्याच्या नावावर बहुधा एक गुंठाही नसे. ढीवर तर जवळजवळ भूमिहीनच. कोकणात आम्ही खोती भोगली आहे, त्यामुळे गावाचा एकच धनी असणं म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगायला नको. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. दोन्ही गेल्या ते योग्यच झालं.

पण तिकडे एक गोष्ट निसटली. १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. मालकी आली, तशी देखभाल आली नाही. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागली आणि पाणलोटातलं जंगल वनखात्याकडे राहिलं. एका तलावाचे चार तुकडे झाले. पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा, जमीन तिसऱ्याची, झाड चौथ्याचं. पूर्वी वेठीने का होईना, गाळ निघत होता. आता तो काढणं कुणाचंच काम उरलं नाही. पाळ खचली, तळ वर आला, कडेने बेशरमीचं रान माजलं.

या मोडक्या घडीवर अर्जुनी मोरगावच्या बाजूला एक काम उभं राहिलं. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांना हाताशी धरलं. हाताशी धरलं म्हणण्यापेक्षा त्यांना गुरू केलं म्हणणं बरोबर. कारण तलाव म्हणजे पाण्याचा खड्डा नव्हे, हे ढीवरांनाच ठाऊक होतं. तळाशी कोणती वनस्पती उगवते, तिच्यात कोणता मासा अंडी घालतो, तिचे कंद कोणता पक्षी खातो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज बाहेरून आणून सोडण्याचा काळ आला, गवत खाणारे परके मासेही आले, आणि गावच्या माशांना घर उरलं नाही. तलावात पाणी दिसत होतं, पण तलाव आतून मेला होता.

म्हणून तिथे यंत्र लावून सरसकट उकरणं टाळलं गेलं. लोकांनी आधी बेशरमी मुळापासून उपटली. उन्हाळ्यात तळाची जमीन नांगरली, पहिल्या पावसात जिथे अजून टिकून होत्या तिथून स्थानिक पाणवनस्पती आणून लावल्या. गावचे मासे परतू लागले, त्यांच्यामागून पक्षीही. या कामात बायका पुढे आल्या. शालू कोल्हे यांच्यासारख्या ढीवर स्त्रियांनी गावोगावी बायकांना संघटित केलं. ज्या मासे विकत होत्या, पण तलावाच्या निर्णयात ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या आता बैठकीत बोलू लागल्या.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे. या लोकांनी गाळ आणि तण काढलं, पण त्याहून मोठं काम म्हणजे तुटलेलं नातं जोडलं. तलाव जगला तर ज्याची चूल पेटते, त्यालाच तलावावर बोलण्याचा हक्क मिळाला. मालगुजारीत हक्क एकाचा आणि कष्ट सगळ्यांचे होते. सरकारी काळात हक्क कागदावर आणि कष्ट कुणाचेच नाहीत. तिसरी वाट हक्क आणि कष्ट एकाच हातात देण्याची आहे. ती कायद्याने आपोआप येत नाही, गावाला ती बसून घडवावी लागते.

आम्हा मुसलमानांत लोकांसाठी विहीर खोदणं सदका-ए-जारिया मानतात, म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारं पुण्य. पण ते चालू राहतं विहिरीत पाणी असेपर्यंतच. खोदणाऱ्याचं नाव दगडावर कोरलेलं असतं. दरवर्षी उपसणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, आणि पुण्य मात्र त्याच्याच जिवावर वाहत राहतं.

आता आमच्या किनाऱ्याकडे वळतो. इथे पर्यटन वाढतंय, लॉज वाढताहेत, बोअरवेल खोल जाताहेत. जुन्या तळ्यावर श्रमदान ठरलं की पहिला प्रश्न असतो, जेसीबीचे पैसे कोण देणार? मला वाटतं, त्याआधी दुसरे प्रश्न विचारावेत. या तळ्याचं पाणी कोण वापरतं? गुरं कुणाची येतात? खालच्या विहिरी कुणाच्या भरतात? आणि बैठकीला यातलं कोण आलेलं नाही? वाडी कुठलीही असो, मोहल्ला असो, ज्याची विहीर त्या तळ्यावर जगते तो बैठकीत हवा. पुढच्या दहा वर्षांचा गाळ कुणी, कधी आणि कशाच्या बदल्यात काढायचा, हे त्याच बैठकीत लिहून ठेवावं.

पूर्व विदर्भातल्या तलावांना शतकं लोटली. ते बांधणाऱ्यांच्या ताकदीमुळे उभे राहिले खरे, पण टिकले ते दर उन्हाळ्यात गाळाची गाडी भरणाऱ्यांमुळे. तळं त्यांचंच.