ग्रास्प मूल्यमापन (निफाडची द्राक्षशेती)
नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांच्या बागेत मजुरांना कसे वागवले जाते, हे तपासण्याची एक पद्धत. युरोपातील किरकोळ विक्रेत्यांनी 1997 मध्ये ‘युरेपगॅप’ हे शेतीचे मानक सुरू केले. 2007 पासून ते ‘ग्लोबल गॅप’ म्हणून ओळखले जाते. ग्रास्प ही त्याला जोडलेली सामाजिक तपासणी. मजुरांचा प्रतिनिधी, तक्रारीची सोय, लेखी करार, वेतनाच्या नोंदी, कामाचे तास आणि शेतावर राहणाऱ्या मुलांची शाळा हे तिचे मुख्य मुद्दे.

अपेडा या कृषी निर्यात संस्थेची 2006 पासूनची ‘ग्रेपनेट’ प्रणाली घड कोणत्या बागेतला आणि त्यात कीटकनाशकाचा अंश किती, हे सांगते. तो घड कोणी विरळला, हे सांगत नाही. मजुरांची बाजू कळावी म्हणून ब्रिटिश खरेदीदार बहुधा सेडेक्स या संस्थेची ‘स्मेटा’ ही सामाजिक तपासणी मागतात. तिचा पाया 1998 मध्ये स्थापन झालेल्या एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्हची संहिता हा आहे.

अशा तपासण्यांची खरी अडचण कामाच्या रीतीत आहे. गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी), विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) ही कामे पेठ, सुरगाणा भागांतून आलेल्या टोळ्या अनेकदा एकराच्या उक्त्या दराने करतात. बोलणी टोळीच्या मुकादमाशी होतात, उचलही तोच घेतो. त्यामुळे प्रत्येक मजुराचे तास आणि मजुरी बागायतदाराच्या वहीत सापडतीलच असे नाही. पॅकहाउसची हजेरी त्या मानाने नीट असते, आणि तपासनीसाला तीच सहज दिसते. टोळी आठवडाभरात दुसऱ्या बागेत गेलेली असते.