शिकागोची वर्गणी

२७ जुलै १९१९ रोजीं मिशिगन सरोवराच्या शिकागो येथील किनाऱ्यावर यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णी मुलगा बुडून मेला. पोहतां पोहतां तो गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्यांत शिरला व काठावरून दगड आले, एवढेंच निमित्त. दगड मारणाऱ्यास पोलिसांनीं धरलें नाहीं. मग दंगल उसळून ३८ माणसें प्राणांस मुकलीं, त्यांपैकीं २३ कृष्णवर्णी.

गव्हर्नर लोडन यांनीं सहा गोऱ्या व सहा कृष्णवर्णी सभासदांचें कमिशन नेमिलें. परंतु सरकारी तिजोरींतून त्यास पैसा मिळाला नाहीं. जूलियस रोझेनवाल्ड प्रभृति धनिकांच्या साहाय्यावर काम चाललें. दंगल मोडावयास लष्कर मिळतें, तिचें कारण शोधावयास मात्र वर्गणी!

चार्ल्स जॉन्सन या तरुण समाजशास्त्रज्ञानें चौकशीचा मोठा भार वाहिला. १९२२ च्या अहवालानें गोऱ्या पोरांच्या टोळ्यांवर बोट ठेविलें. ‘अॅथलेटिक क्लब’ म्हणविणाऱ्या या टोळ्यांस पुढाऱ्यांचा आश्रय असे. पण टोळ्यांपाशींच न थांबतां घरें, कारखाने, वृत्तपत्रें यांतील वर्णद्वेषहि त्यानें तपासला, हेंच आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. असे तंटे आधींच हेरणारी कायमची समिती असावी, अशी त्याची एक शिफारस होती. शिकागोच्या मेयरनीं वर्णसंबंधांसाठीं समिती नेमिली ती १९४३ सालीं, डेट्रॉइटच्या दंगलींत ३४ माणसें मेल्यावर.