हृदयझडपांची अल्पछेद व रोबोटिक शस्त्रक्रिया

छातीचे मधले हाड म्हणजे उरोस्थी पूर्ण न कापता, लहान छेदातून हृदयाची झडप दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची पद्धत. रूढ शस्त्रक्रियेत उभी कापलेली उरोस्थी सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. अल्पछेद पद्धतीत हृदयापर्यंतची वाट बदलते. झडपेवरचे काम तेच राहते.

तंत्र : महाधमनीच्या झडपेसाठी बहुधा उरोस्थीचा वरचा भागच कापतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधील मायट्रल झडपेसाठी छातीच्या उजव्या बाजूला दोन बरगड्यांमध्ये सुमारे ४ ते ६ सेंमी. छेद घेतात. जांघेतील रक्तवाहिन्यांत नळ्या घालून रुग्णाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतात, हृदय थांबवतात आणि डावे अलिंद (डावा वरचा कप्पा) उघडतात. मग झडपेच्या पाकळीचा सैल भाग काढणे, तुटलेल्या तंतूंच्या जागी कृत्रिम धागे लावणे, झडपेच्या घेराला कडे शिवणे अशी दुरुस्ती होते.

रोबोटचे कार्य : हेच काम रोबोटच्या साहाय्यानेही करतात; पण रोबोट स्वतः काहीच ठरवत नाही. सर्जन कन्सोलवर बसून त्रिमित चित्र पाहत हात चालवतो. मनगटासारखी वळणारी बारीक उपकरणे त्या हालचाली कंप गाळून छातीत उतरवतात. बहुतेक यंत्रणांत बोटांना स्पर्श कळत नाही, म्हणून धाग्याचा ताण नजरेनेच जोखावा लागतो. सोबतचा सर्जन रुग्णापाशी उभा असतो.

इतिहास : फ्रेंच सर्जन आलँ कार्पांतिए यांनी १९९६ मध्ये व्हिडिओच्या साहाय्याने आणि १९९८ मध्ये दा विंची रोबोटने मायट्रल झडप दुरुस्त केली. अमेरिकेत रँडॉल्फ चिटवुड यांनी २००० मध्ये ही रोबोटिक शस्त्रक्रिया केली. २००२ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने मायट्रल दुरुस्तीसाठी दा विंचीला मान्यता दिली.

लाभ व मर्यादा : ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लहान छेद व उरोस्थीछेद यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांची शारीरिक क्षमता सारखीच आढळली. दुरुस्तीचा टिकाऊपणाही तुल्यबळ ठरला. लहान छेदाच्या रुग्णांची सुरुवातीची उभारी मात्र लवकर झाली. या पद्धतीत हृदय-फुप्फुस यंत्रावरचा वेळ वाढतो, आणि जांघेच्या रक्तवाहिन्या रोगट असल्यास ती टाळावी लागते. भारतात अनेक रुग्णांत संधिवाती तापाने झडपांच्या पाकळ्या जाड होऊन चिकटलेल्या असतात. अशी झडप दुरुस्त करणे अवघड असते आणि अनेकदा ती बदलावीच लागते. त्यामुळे पद्धत निवडताना छेदाच्या लांबीपेक्षा झडपेची अवस्था आणि सर्जनचा अनुभव यांना अधिक वजन द्यायला हवे.