विजयदुर्ग आणि निवडलेला प्रकाश

विजयदुर्गास पाहुणा आला की आम्ही त्यास तीन गोष्टी दाखविल्यावाचून सोडीत नाही : किल्ल्याची तिहेरी तटबंदी, वाघोटणची खाडी आणि ‘साहेबाचे कट्टे’. पहिल्या दोहोंविषयी कोणाचा वाद नाही. तिसऱ्यापाशी पोहोचलो म्हणजे मात्र आमचा आवाज थोडा चढतो. ‘याच जागी १८६८ साली लॉकियर साहेबाने सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम शोधून काढला,’ असे आम्ही सांगतो. १८ ऑगस्ट हा दिवस हेलियम दिन म्हणून किल्ल्यावर साजराही होतो. कथा ऐकायला गोड आहे. पण ती सांगितली जाते तशी घडलेली नाही. खरी हकीकत निराळी आहे, आणि तीत विजयदुर्गाचा मान यत्किंचितही उणा होत नाही, असे आम्हांस दाखवावयाचे आहे.

ही हकीकत मुळात प्रकाश निवडण्याची आहे. दुर्बिणीत शिरणारा सगळाच प्रकाश कामाचा नसतो. त्यातला कोणता घ्यावा आणि कोणता अडवावा, हे ज्याला कळले त्याला आकाश निराळे दिसले.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी, श्रावणी अमावास्येस, चंद्राची सावली आमच्याच किनाऱ्यावरून देशावर चढली आणि पूर्व किनाऱ्यापर्यंत गेली. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती. पण श्रावणातले कोकणचे आकाश कसे असते, हे काय श्रोत्यांना सांगावयास हवे? ज्यांचे वेध पुढे गाजले ती मंडळी घाटापलीकडे होती. लेफ्टनंट हर्शेल जमखंडीस होते, टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला, तर मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मच्छलीपट्टणला. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. ते युद्धखात्यात कारकुनी करीत, आणि त्यांनी मागविलेले वर्णपटदर्शक यंत्र अजून त्यांच्या हाती पडले नव्हते.

ग्रहणात सूर्याच्या कडेला तांबड्या ज्वाळा दिसतात. त्या जळत्या वायूच्या आहेत, हे त्यांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषांवरून त्या दिवशी ठरले. त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमची असावी, असे पुष्कळांना वाटले. जानसेन यांना मात्र त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की त्या ग्रहणावाचूनही दिसतील, असे त्यांच्या मनात आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी सूर्याच्या कडेवर यंत्र रोखले, आणि ज्वाळांच्या रेषा भर उन्हात दिसल्या! इकडे लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडात स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांचीही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी वाचली गेली, आणि पुढे दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक फ्रेंच सरकारने पाडले. ती पिवळी रेषा सोडियमच्या जागी नसून किंचित बाजूला आहे, हे लॉकियर यांनी पक्के केले व सूर्यात नवे मूलद्रव्य असल्याचे अनुमान बांधले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. १८९५ साली रॅम्झी यांना तो वायू लंडनमध्ये एका खनिजात सापडला, तेव्हा शंका मिटली.

येथे कोणी विचारील, की ज्वाळा तांबड्या आहेत, तर तांबडी काच डोळ्यांपुढे धरली असती तर काय बिघडत होते? हगिन्स या इंग्रज ज्योतिषाने रंगीत काचांचा हाच प्रयोग आधी करून पाहिला होता. त्याला यश आले नाही. कारण सोपे आहे. मीटरचा दहा अब्जावा भाग हे प्रकाशलहरी मोजण्याचे एकक. ज्वाळेचा तांबडा प्रकाश अशा एकदोन एककांत सामावतो, तर तांबडी काच शेकडो एककांची वाट मोकळी ठेवते. त्या वाटेने आकाशाची चकाकीही आत येते आणि ज्वाळा तीत बुडून जाते. लोलकाने प्रकाश पसरला की चकाकी पातळ होते. रेषा मात्र रेषाच राहते. १८६९ च्या फेब्रुवारीत हगिन्स यांनी वर्णपटदर्शकाची फट रुंद केली, जोडीला तांबडी काच ठेवली, आणि ज्वाळेचा सबंध आकार पाहिला. काच टाकाऊ नव्हती. ती एकटी अपुरी होती, इतकेच.

आता आमच्या किल्ल्याकडे वळू. २२ जानेवारी १८९८, पौषी अमावास्या. या वेळी आकाश निरभ्र असण्याची आशा होती, आणि लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आले. बरोबर फाउलर यांच्यासारखे जाणते सहकारी होते. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशांना कवायतीसारखी तालीम देऊन त्यांनी यंत्रांवर नेमले. खग्रास अवस्था अवघी दोन मिनिटांची. तेवढ्यात काचा बदलायच्या आणि वेळ मोजायची! कट्ट्यांची संगती लागते ती या तळाशी. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला हेही ग्रहणाचे वेध घेत होते, हे आपण विसरता कामा नये.

विजयदुर्गावरचे मुख्य हत्यार होते लोलकाचा कॅमेरा. यात फट नसते. लोलक भिंगाच्या पुढेच बसविलेला असतो. त्यामुळे सूर्याच्या कडेची एकेका रंगातील प्रतिमा एकापुढे एक अशा कड्यांसारखी उमटते. एका फोटोत जणू अनेक गाळण्या लावून घेतलेली अनेक चित्रे! सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा आहे. तिचे स्थान तोवर सुमारे चौदा एककांनी चुकीचे धरले जात होते. १८९८ च्या छायाचित्रांनी ती चूक उघडी केली आणि रेषा ५३०३ एककांपाशी आणून ठेवली. हा प्रकाश तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाचा आहे, अर्थात प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, हे १९४० च्या सुमारास एडलेन यांनी उलगडले.

ग्रहांच्या बाबतीत मात्र रंगीत काचेचे दिवस खऱ्या अर्थाने फळास आले. १९२४ मध्ये मंगळ फार जवळ आला असता अमेरिकेतील लिक वेधशाळेत राइट यांनी जांभळ्यापासून अवरक्तापर्यंत निरनिराळ्या गाळण्यांतून त्याचे फोटो घेतले. अवरक्तात पृष्ठावरील डाग ठळक आले, जांभळ्यात जवळजवळ नाहीसे झाले. पडताळा म्हणून डोंगरावरून दूरच्या सॅन होजे शहराचेही तसेच फोटो घेतले. जांभळ्यात शहर धुरकटात हरवले, अवरक्तात स्पष्ट आले. मालवणच्या धक्क्यावरून सह्याद्री निळसर का दिसतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला यातले मर्म लगेच कळेल. यावरून मंगळाला दाट वातावरण असावे, असा तर्क झाला. १९६५ मध्ये मरिनर ४ यानाने तो खोटा पाडला : तेथील हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाहूनही विरळ! जांभळ्या प्रकाशात मंगळाची जमीनच एकसारखी दिसते. फोटो खरे होते. चुकले ते अनुमान. उलट १९२७ साली रॉस यांनी अतिनील प्रकाशात शुक्राचे फोटो घेतले, तेव्हा एरवी कोऱ्या दिसणाऱ्या त्याच्या ढगांवर गडद पट्टे उमटले.

आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी लहान दुर्बीण आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की काच प्रकाश वाढवीत नाही, अडविते. रॅटन २५ ही गडद तांबडी काच जेमतेम सातवा हिस्सा आत सोडते. मंगळाच्या डागांना ती उत्तम, पण तीन इंची दुर्बिणीला अंधार करणारी. तेथे पिवळी १५ बरी. ती दोन तृतीयांश प्रकाश येऊ देते. गुरूच्या तांबूस पट्ट्यांना फिकी निळी काच उठाव देते. सूर्याकडे मात्र यांपैकी कोणत्याही काचेतून कधीही पाहू नये. क्षणात डोळे जातील.

२ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ हे आपले यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत घडली. तीत अतिनील प्रकाशातले निवडक पट्टे वेचणाऱ्या अकरा गाळण्या आहेत. दुसरे यंत्र बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचे. ते ज्या रेषा टिपते त्यांत ५३०३ ची तीच हिरवी रेषा आहे.

तेव्हा पुढच्या पाहुण्याला कट्ट्यांपाशी काय सांगावे? हेलियम येथे सापडला, असे सांगू नये. १८६८ ला चंद्राची सावली या तटावरून गेली, आणि तीस वर्षांनी तिच्यासारखीच दुसरी सावली गाठण्यासाठी लॉकियर येथे आले, असे सांगावे. ज्या ग्रहणाने हिरवी रेषा आपल्या जागी बसविली त्याचे फोटो येथेही घेतले गेले, आणि आज आपलेच यान तीच रेषा पाहत आहे, हेही सांगावे. पाहुणा निराश होणार नाही. आणि आमचा आवाज चढला तरी त्यात खोटे काही असणार नाही.