बारीक रेघेची किंमत : बोडोनी, दिदो आणि एका दिमाखदार अक्षराचा इतिहास

१/ एखाद्या फॅशन मासिकाचे शीर्षक डोळ्यांसमोर आणा. उभे दंड भरघोस, आडव्या रेघा केसासारख्या बारीक, टोकांना तितक्याच बारीक सपाट पट्ट्या. हे अक्षर पाहताक्षणी उंची वाटते. असे का वाटावे? उत्तरासाठी १८व्या शतकातील छापखान्यात जावे लागते. #थ्रेड

२/ टोकांवरील त्या पट्ट्यांना सेरिफ म्हणतात. रोमन लिपीचे आरंभीचे टंक रुंद टाकाच्या हस्ताक्षरावरून घडले. बोरूच्या तिरक्या कापामुळे देवनागरीत जाड-बारीक रेघा उमटतात. तशीच टाकाची आठवण त्या टंकांतही होती. जाड-बारीकमधला फरक सौम्य होता आणि वळणे किंचित कललेली होती.

३/ फार बारीक रेघ छापणे त्या काळी अवघडही होते. कागद ओलसर करून छापत. खरबरीत पृष्ठावर शाई पसरे आणि रेघ फुगे. बर्मिंगहॅमचे जॉन बास्करव्हिल यांनी यावर उपाय शोधले: नितळ कागद, गडद शाई, छापलेली पाने तापवलेल्या पत्र्यांमध्ये दाबणे. १७५७ मधील त्यांची व्हर्जिलची आवृत्ती युरोपभर गाजली.

४/ जिआंबातिस्ता बोडोनी यांचा जन्म १७४० चा, इटलीतील सालुत्सो गावी, मुद्रकाच्या घरात. तरुणपणी ते रोममध्ये 'प्रोपागांडा फिदे' या धर्मप्रसारक संस्थेच्या छापखान्यात होते. तेथे अनेक लिप्यांचे टंक होते. याच छापखान्याने १७७१ मध्ये देवनागरीची ओळख करून देणारे पुस्तक सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापले. तोवर बोडोनी मात्र तेथून गेले होते.

५/ १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्यांना आपल्या राजकीय मुद्रणालयाचे प्रमुख केले. आरंभी ते पॅरिसच्या फूर्निए यांच्या टंकांवर काम करत. पुढे स्वतःचे टंक कोरू लागले. पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरायचे, तो तांब्यात ठोकून मातृका करायची, तिच्यात शिशाचा मिश्रधातू ओतून खिळा पाडायचा. प्रत्येक अक्षरासाठी आणि प्रत्येक आकारासाठी हा खटाटोप निराळा.

६/ त्याच सुमारास, १७८० च्या दशकात, पॅरिसमध्ये फिर्मां दिदो यांनी टाकाची आठवण जवळजवळ पुसून टाकली. वळणांचा कल गेला, अक्षराचा अक्ष ताठ उभा झाला, सेरिफ म्हणजे निव्वळ एक रेघ उरली. बोडोनीही याच दिशेने गेले. आज एका कुळातली मानली जाणारी ही दोन नावे प्रत्यक्षात प्रतिस्पर्ध्यांची होती.

७/ बोडोनींचे ग्रंथ भव्य असत: मोठे पान, ऐसपैस समास, थोड्या ओळी. ग्राहकही तसेच, राजे आणि धनिक संग्राहक. त्या पानावरील बारीक रेघ मूकपणे सांगे की कागद उत्तम आहे, खिळे नवे आहेत आणि मुद्रकाला घाई नाही. मजकुरात चुका राहतात, असा टोमणा दिदो घराण्याने मारलाच.

८/ पण हे अक्षर केवळ दरबारी होते असे समजू नये. फिर्मां दिदो यांनीच जुळवलेल्या पानाचा अखंड ठसा ओतण्याचे तंत्र विकसित केले आणि त्यातून स्वस्त आवृत्त्या काढल्या. एकाच घराण्याच्या अक्षरांनी संग्राहकांची दालने सजली आणि सामान्य वाचकाच्या खिशात मावणारी पुस्तकेही निघाली.

९/ १९व्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींचे पेव फुटले. टंककारांनी जाड दंड आणखी फुगवले, बारीक रेघ तशीच ठेवली. लॉटरीच्या पत्रकांवर ही गलेलठ्ठ अक्षरे झळकली. वाचण्याआधी नजर खेचणे हेच त्यांचे काम होते. शीर्षकासाठीचे अक्षर आणि मजकुराचे अक्षर यांच्या वाटा इथे स्पष्टपणे वेगळ्या झाल्या.

१०/ बोडोनी १८१३ मध्ये निवर्तले. १८१८ मध्ये पत्नी मार्गेरिता यांनी त्यांचा 'मानुआले टिपोग्राफिको' हा दोन खंडांचा नमुनाग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १४२ रोमन वर्णमाला आहेत. 'बोडोनी' हा एकच टंक नव्हे, हे त्यावरून कळते. आकार बदलला की रेघांचे प्रमाणही ते बदलत.

११/ हे विसरले गेले तेव्हा दोष अक्षराच्या माथी आला. शतकाच्या अखेरीस विल्यम मॉरिस यांनी या शैलीवर कडाडून टीका केली. लहान आकारात बारीक रेघा नाहीशा होतात आणि नुसते काळे दंड उरतात, हे खरेच आहे. १९९१ मध्ये 'हार्पर्स बझार'साठी जोनाथन हेफ्लर यांनी नवा दिदो रेखाटला, तो सात वेगवेगळ्या आकारांसाठी स्वतंत्रपणे. शीर्षक कितीही मोठे झाले तरी रेघ बारीकच राहावी, म्हणून.

१२/ पडद्यावर आज बारीक रेघेला जास्तीचा छदामही लागत नाही. तरीही सुगंधी अत्तराच्या कुपीवर तीच अक्षरे दिसतात, कारण कधीकाळी त्या रेघेमागे असलेला खर्च आपल्या नजरेत मुरला आहे. १९व्या शतकातले इंग्रजी पुस्तक हाती आले, तर भिंगातून 'ई' अक्षराची आडवी रेघ पाहा. ती तुटलेली असेल, तर खिळे झिजलेले असावेत किंवा छपाई हलक्या हाताची. मजकूर न वाचताही पुस्तकाच्या ऐपतीचा अंदाज बांधता येतो.